पुन्हा पहिल्या पाठापासून

पुण्याच्या मॉडेल कॉलनीत एक तिमजली वास्तू उभी आहे. तिला आठ खांब आहेत आणि माथ्यावर हनुमंताची मूर्ती आहे. आत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसाला आपण चुकून एखाद्या सुताराच्या कारखान्यात शिरलो की काय, असा भास होतो. भिंतीत पक्क्या बसविलेल्या लोखंडी कड्या, त्यांतून लोंबणारे जाड दोर, एका बाजूस लाकडी विटांची चळत, दुसऱ्या बाजूस पाठीचा पत्रा काढून टाकलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या, कमानीसारखे वाकलेले बाक, सुती पट्टे, लोड आणि घडी घालून रचलेल्या चादरी. तालीम म्हणावी, तर येथे लाल माती नाही की मुद्गरांची जोडी नाही. इस्पितळ म्हणावे, तर औषधांचा वास नाही. तरीही पहिलवान आणि रुग्ण असे दोघेही या दारातून आत येतात, आणि त्यांच्यासाठी येथे वेगवेगळी शाळा नाही.

ही वास्तू ज्यांनी उभारली, ते योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार होत. त्यांचे पूर्ण नाव बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांना नुसते 'गुरुजी' म्हणत. वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत ते पुण्यात राहिले आणि शेवटपर्यंत शिकवीत राहिले. त्यांची छायाचित्रे पाहिली, म्हणजे हा मनुष्य जन्मतःच पोलादाचा असावा, असे वाटते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे.

१९१८ साली सगळ्या जगात इन्फ्ल्युएंझाची भयंकर साथ पसरली. महाराष्ट्रात तिला लोक 'मानमोडी' म्हणत. त्याच वर्षी १४ डिसेंबरला कर्नाटकातील बेळ्ळूर या खेड्यात सुंदरराजाचा जन्म झाला. त्याची आई त्या वेळी या साथीच्या तापानेच आजारी होती. तेरा भावंडांत त्याचा क्रमांक अकरावा. वडील शाळामास्तर, मिळकत बेताची. मूल जगते की नाही, अशीच सर्वांना शंका. जगले खरे, पण मलेरिया, विषमज्वर आणि क्षय या तिन्ही दुखण्यांनी त्याचे बालपण पोखरून टाकले. हातपाय काडीसारखे, पोट पुढे आलेले, आणि डोके इतके जड की ते मानेवर सावरून धरण्यासही श्रम पडत. नऊ वर्षांचा असताना वडील वारले. त्यानंतर या भावाच्या घरी काही दिवस, त्या नातलगाकडे काही दिवस, असे त्याचे दिवस जाऊ लागले. शाळेत दांड्या पडत, अभ्यास मागे राही.

१९३४ साली त्याच्या बहिणीचे यजमान त्याला म्हैसूरला घेऊन गेले. हे गृहस्थ म्हणजे तिरुमलै कृष्णमाचार्य. म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाखाली ते राजवाड्यात योगशाळा चालवीत असत. विद्वान खरे, पण अत्यंत करडे. मेहुण्याचे ते शरीर पाहून याला योग जमेल, असे त्यांना मुळीच वाटले नाही. त्यांनी त्याला घरची कामे सांगितली. पुढे त्यांचा एक हुशार शिष्य अचानक निघून गेला आणि समोर प्रात्यक्षिकाचा दिवस उभा राहिला, तेव्हा नाइलाजाने त्यांची नजर या मुलाकडे वळली. अगदी थोड्या दिवसांत त्याच्या ताठर शरीराकडून त्यांनी कितीतरी आसने घोटून घेतली.

त्या काळातली एक हकीगत अय्यंगार म्हातारपणीही हसत हसत सांगत. प्रात्यक्षिकाच्या वेळी गुरूंनी आज्ञा केली, हनुमानासन करून दाखव. हनुमंताने समुद्रावरून घेतलेल्या उड्डाणाची आठवण म्हणून या आसनाला हे नाव पडले आहे. एक पाय सरळ पुढे, दुसरा सरळ मागे, आणि दोन्ही पाय संपूर्ण जमिनीला टेकलेले! बिचाऱ्या मुलाने ते आसन कधी केलेले नव्हते. 'चड्डी फार घट्ट आहे, पाय पसरता येणार नाहीत,' अशी त्याने सबब सांगितली. गुरू सबबींना बधणारे नव्हते. त्यांनी कात्री मागविली, चड्डीच्या दोन्ही बाजू कापविल्या आणि म्हणाले, आता कर. मुलाने आसन केले. पण मांडीच्या मागचा स्नायू फाटला. लोकांनी टाळ्या वाजविल्या असतील. त्या मुलाला मात्र पुढे दीर्घकाळ धड चालता येत नव्हते.

शरीराला त्याची तयारी नसताना ओढले, म्हणजे काय होते, हा धडा त्याला वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी असा मिळाला. त्याने त्यावरून योगाला रामराम ठोकला असता, तर कोणीही त्याला दोष दिला नसता. तसे त्याने का केले नाही, हे सांगणे कठीण आहे. दुसरे काही येत नव्हते, हेही एक कारण असू शकेल. मॅट्रिकच्या परीक्षेत तो नापास झाला होता आणि घरी परतावे, तर घर असे उरलेच नव्हते.

पुण्याशी त्यांचा संबंध आला तो १९३७ साली. डॉ. गोखले नावाच्या एका शल्यविशारदांनी योगाची प्रात्यक्षिके पाहिली होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर योग शिकविण्यासाठी एखादा शिक्षक हवा, असे ठरले, तेव्हा त्यांच्याच खटपटीने कृष्णमाचार्यांकडे मागणी गेली. थोडेफार इंग्रजी जाणणारा शिष्य म्हणून अठरा वर्षांच्या सुंदरराजाची निवड झाली. नेमणूक सहा महिन्यांची होती. सहा महिन्यांसाठी आलेला हा तरुण पुढे सत्त्याहत्तर वर्षे पुण्याचाच होऊन राहिला.

पहिली वर्षे हालांत गेली. मराठीचा गंध नाही, इंग्रजी मोडकेतोडके. शिकायला येणारी महाविद्यालयातील मुले त्याच्याहून धिप्पाड आणि चलाख; मास्तरांच्या बोलण्याची आणि शेंडीची ती टिंगल करीत. कित्येकांना आसने त्याच्यापेक्षा चांगली जमत. शिकविणाराच जर शिकणाऱ्याहून कच्चा असेल, तर त्याने काय करावे? या तरुणाने दिवसाचे कित्येक तास स्वतःच्या सरावात घालविण्यास सुरुवात केली. रात्री अंग इतके ठणके की झोप येत नसे. पुढे नोकरी सुटली, तेव्हा सायकलवरून घरोघर हिंडून शिकवण्या धराव्या लागल्या. काही दिवस तर असे गेले की भात मिळाला तर मिळाला, नाही तर नळाचे पाणी पिऊन पडायचे. योग शिकवून पोट भरता येते, यावर त्या काळी फारशा कोणाचा विश्वास नव्हता; त्यांच्या पोटाचाही नसावा.

याच दिवसांत पुढल्या साऱ्या उद्योगाचे बीज पडले. दाखवायला गुरू जवळ नव्हते, पुस्तके नव्हती, पैसे नव्हते. मग जे हाताशी येईल, तेच साधन. भिंतीला टाच टेकून उभे राहिले, म्हणजे तोल सावरतो आणि पाठ कोठे वाकडी जाते ते कळते. विटेवर हात ठेवला, म्हणजे छाती मोकळी होते. वाटेवरचे दगड, विटा, घरातली खुर्ची, बिछान्याच्या घड्या यांना त्यांनी आपले सोबती केले.

विटेची गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते, पण तीत मोठे मर्म आहे. त्रिकोणासनात पाय फाकवून, गुडघे ताठ ठेवून एका कुशीवर वाकायचे असते आणि हात पावलाजवळ जमिनीवर टेकवायचा असतो. ताठर पाठीच्या माणसाचा हात जमिनीला पोचत नाही. तो ओढाताण करून पोचवू गेला, तर गुडघा वाकतो, छाती खाली कलते, श्वास कोंडतो. म्हणजे जमीन मिळते, पण आसन हरवते. अशा वेळी पावलाजवळ वीट उभी करून तिच्यावर हात ठेवला, की गुडघा ताठ राहतो, छाती वळते आणि कणा लांबतो. हात जमिनीपर्यंत पोचत नसेल, तर जमीन हातापर्यंत उचलून आणावी, इतकी ती साधी युक्ती आहे. म्हैसूरच्या त्या प्रात्यक्षिकात कोणी त्या मुलाच्या मांडीखाली चार विटा रचल्या असत्या, तर त्याचा स्नायू कदाचित शाबूत राहिला असता!

१९४३ साली त्यांचा विवाह झाला. पत्नी रमामणी यांना योगाची काहीच माहिती नव्हती; परंतु लवकरच त्या पतीची आसने बारकाईने पाहून कोठे चुकले ते सांगू लागल्या. हळूहळू कीर्ती पसरत गेली. १९५२ साली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन मुंबईस आले होते. सततच्या प्रवासाने त्यांचे अंग आखडलेले आणि झोप उडालेली. त्यांनी अय्यंगारांना पाच मिनिटांची भेट दिली. अय्यंगारांनी त्यांना निजवून अशा रीतीने विसावा दिला की पाहुणे गाढ झोपी गेले. आणि पाच मिनिटांची भेट तीन तासांवर लांबली. दोन वर्षांनी मेन्युहिन यांनी त्यांना युरोपात बोलावून घेतले आणि पुढे एक घड्याळ भेट दिले. त्या घड्याळावर आपल्या सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षकास, अशा अर्थाची अक्षरे कोरलेली होती. ज्यांनी उभ्या आयुष्यात व्हायोलिनच्या तारेला गज लावला नाही, त्यांना हा मान मिळाला! त्यानंतर बेल्जमच्या वृद्ध राणी एलिझाबेथ यांनी, वयाची ऐंशी उलटून गेल्यावर, त्यांच्याकडून शीर्षासन शिकून घेतले. १९६६ साली त्यांचा 'लाइट ऑन योगा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात दोनशेहून अधिक आसने सचित्र दिली आहेत आणि ती सर्व त्यांनी स्वतः करून दाखविलेली आहेत. ती चित्रे पाहिली, म्हणजे शरीराला हाडे असतात, हेच क्षणभर विसरायला होते.

१९७३ साली पुण्यातील संस्थेच्या जागेचे भूमिपूजन झाले आणि तीनच दिवसांनी रमामणी निवर्तल्या. १९७५ साली वास्तू उभी राहिली, तेव्हा तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

येथपर्यंतचे आयुष्य म्हणजे एका रोगट मुलाचा विजय होय. पण ज्या प्रसंगासाठी त्यांची खरी परीक्षा राखून ठेवली होती, तो अजून पुढेच होता.

१९७८ साली त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. आता देहाचे कष्ट कमी करावेत आणि ध्यानाकडे अधिक लक्ष द्यावे, असा सल्ला गुरूंनी दिला. त्यांनी तो मानला. काही महिन्यांतच शरीराची लवचीकता ओसरू लागली, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आणि त्यानंतर लवकरच १९७९ साली स्कूटरचा अपघात झाला. खांदा, पाठीचा कणा आणि गुडघे दुखावले. त्यातून उठतात न उठतात, तोच काही महिन्यांनी दुसरा अपघात झाला आणि राहिलेली दुसरी बाजूही जायबंदी झाली.

कारकुनाचा खांदा दुखावला, तर तो काही दिवसांनी कचेरीत जाऊन बसू शकतो. येथे मात्र खांदा, कणा आणि गुडघे हेच त्या माणसाचे पुस्तक होते, हीच त्याची लेखणी होती. ज्याच्या चित्रांकडे पाहून हजारो लोक आसने शिकत होते, त्यालाच आता हात वर उचलणे कठीण झाले. वय साठ. कीर्ती भरपूर. संस्था उभी होती. मुलगी गीता आणि मुलगा प्रशांत शिकविण्यास समर्थ झाले होते. या वयात खुर्चीवर बसून नुसत्या सूचना दिल्या असत्या, तरी विद्यार्थ्यांच्या आदरात तिळमात्र फरक पडला नसता. कित्येक नामांकित उस्ताद असेच करतात, आणि त्यात गैर काही नाही.

अय्यंगारांनी पहिला पाठ काढला. पहिला म्हणजे अक्षरशः पहिला! नवशिक्याला जी उभी आसने शिकवितात, ती त्यांनी पुन्हा सुरू केली. पूर्वी जी आसने ते खेळता खेळता करीत, त्यांच्या वाटेला आता शरीर जाऊ देईना. मन हो म्हणे, शरीर नको म्हणे. हा तंटा रोज सकाळी नव्याने मांडला जाई. पुढे वाकावे, तर कणा आडवा येई. मागे वाकावे, तर खांदा आडवा येई. अशा वेळी तरुणपणी लागलेली सवय कामास आली. आता ते स्वतःच त्या दोरांना लोंबले, स्वतःच त्या बाकावर पाठ टेकून कमानीसारखे पडून राहिले, स्वतःच विटेवर हात ठेवून उभे राहिले. जी साधने शिष्यांच्या सोयीसाठी म्हणून सभागृहात जमली होती, ती आता गुरूला लागली.

यात लाज वाटण्यासारखे काही असेल, तर ती त्यांना वाटलेली दिसत नाही. हा सराव काही बंद खोलीत चालत नसे. ज्या सभागृहात विद्यार्थी सराव करीत, त्याच सभागृहात, त्यांच्याच शेजारी तो चाले. परदेशातून हजारो कोसांचा प्रवास करून आलेला विद्यार्थी मोठ्या आशेने पाहू लागे, तेव्हा ग्रंथातल्या चित्रांतला तो महापुरुष खुर्चीचा आधार घेऊन सावकाश पाठ वाकवीत असलेला त्याला दिसे. त्याला क्षणभर नवल वाटत असेल. पण शेजारच्या दोरावर ज्याला स्वतःच्या दुखऱ्या कंबरेमुळे लोंबावे लागत होते, त्या रुग्णाला काय वाटत असेल, याची कल्पना करावी.

शरीराला पुन्हा वळविण्याचे हे काम महिन्या-दोन महिन्यांत उरकले नाही. त्याला वर्षे लागली. पूर्वीचे सामर्थ्य पुष्कळसे परत आले. सगळेच परत आले नाही, आणि तसे ते स्वतः उघडपणे सांगतही असत. कथेत नायक जखमी होतो आणि पुढच्याच पानावर पूर्वीपेक्षा बलवान होऊन उठतो. साठीतल्या हाडामांसाच्या माणसाचे तसे होत नाही. काही आसनांपाशी थांबावे लागले, काहींच्या वाटा बदलाव्या लागल्या.

परंतु या वर्षांत त्यांना जे सापडले, ते ग्रंथातल्या दोनशे चित्रांतही नव्हते. निरोगी खांद्याचा शिक्षक दुखऱ्या खांद्याच्या माणसाला फार तर 'हात वर कर' असे सांगू शकतो. हात कोणत्या उंचीवर अडतो, तेथे दुखणे स्नायूचे असते की सांध्याचे, ते ओढ दिल्याने वाढते की आधार दिल्याने निवते, हे ज्याने आतून अनुभवले आहे, त्यालाच नेमके ठाऊक असते. अय्यंगार सांगत, की शरीराच्या दोन बाजूंपैकी जी बाजू धड आहे, तिच्याकडून दुखऱ्या बाजूने धडा घ्यावा. उजवा खांदा कसा फिरतो, पाठीचे हाड कसे आत सरते, ते नीट पाहावे आणि मग डाव्याला तसेच करण्यास शिकवावे. अशी ही शाळा एकाच माणसाच्या अंगात भरत असे. एक खांदा गुरू, दुसरा विद्यार्थी.

संस्थेत रुग्णांसाठी वेगळा वर्ग भरत असे. त्या वेळी सभागृहाचे रूप पालटून जाई. कोणाची मान आखडलेली, कोणाचा गुडघा सुजलेला, कोणी हृदयविकाराने खचलेला, कोणाला कंबरेच्या दुखण्याने सरळ उभेही राहवत नसे. मदतनीस शिक्षक चादरी, लोड आणि खुर्च्या घेऊन इकडून तिकडे धावत. पांढऱ्या केसांचे, दाट भुवयांचे गुरुजी मधून फिरत. एखाद्या बाईंच्या पाठीखाली ठेवलेली चादरीची घडी ते बोटभर वर सरकवीत आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत. कपाळावरची आठी गेली, तर घडी बरोबर. आठी राहिली, तर घडी पुन्हा काढायची. त्यांचे सारे वैद्यक असे बोटाबोटाच्या मापावर चाले. नवशिक्या मदतनिसाला वाटे, बोटभर फरकाने असे काय बिघडते! एकदा त्याच घडीवर त्याला निजवले, म्हणजे ते त्याला कळून चुके.

ते प्रेमळ होते, पण मऊ मुळीच नव्हते. त्यांचा आवाज सभागृहात सिंहासारखा घुमत असे. ज्याचा गुडघा सैल पडला असेल, त्याच्या मांडीवर चापट बसे. बी. के. एस. ही अक्षरे म्हणजे 'बीट, किक, स्लॅप', अर्थात मार, लाथ आणि थप्पड, असा विनोद त्यांचे इंग्रजी बोलणारे शिष्य आपसांत करीत. मोठ्या माणसांना शिकवितानाही चापट मारावी की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकेल. म्हैसूरच्या त्या करड्या शाळेची ती खूण त्यांच्या अंगी राहून गेली असावी. मात्र एक भेद स्पष्ट दिसे. धडधाकट माणूस आळसाने ढिला पडला, तर त्यांचा राग अनावर होई. आणि दुखऱ्या माणसाचा पाय थरथरू लागला, तर सगळ्यात आधी वीट घेऊन तेच पुढे होत. ज्याला जमत नाही त्याच्यावर ते रागावत नसत. जमत असून जो करीत नाही, त्याची मात्र गय नव्हती.

रुग्णांना धीर कसा मिळे, हे पाहण्यासारखे होते. गुरुजी त्यांना आपल्या अपघाताची कथा पुनःपुन्हा ऐकवीत, असे नाही. तशी गरजही नव्हती. सकाळी तेच बाक, तेच दोर, त्याच खुर्च्या वापरून ते स्वतः सराव करीत, हे सर्वांना ठाऊक होते. संध्याकाळी एखाद्या गुडघेदुखीच्या म्हाताऱ्याला खुर्ची दिली, तर ती त्याला अपंगाची कुबडी वाटत नसे. जी वस्तू गुरुजी वापरतात, ती आपणही वापरतो, एवढेच त्याच्या मनात येई. आपले शरीर सर्वांहून मागे पडले आहे, ही खंत मनातून निघून गेली, म्हणजे निम्मे दुखणे तेथेच हलके होते.

पुढे त्या विटांना, पट्ट्यांना आणि दोरांना जगभर मान मिळाला. पुण्यातल्या सुतारांनी घडविलेल्या नमुन्यांवरून कितीतरी देशांतल्या योगशाळांत तशीच साधने तयार झाली. १९९१ साली भारत सरकारने अय्यंगारांना पद्मश्री दिली, २००२ साली पद्मभूषण आणि २०१४ साली पद्मविभूषण. २००४ साली अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने जगातील शंभर प्रभावी व्यक्तींत त्यांचे नाव घातले. हे सर्व मान त्यांनी आनंदाने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सभागृहात हजर झाले.

नव्वदी उलटल्यावरही त्यांचा हा क्रम सुटला नाही. कमानीच्या बाकावर पाठ टाकून, डोके खाली लोंबते ठेवून ते बराच वेळ निश्चल पडून राहत. पांढरे केस जमिनीकडे लोंबत असत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारबुवांना झोप लागली असावी. एवढ्यात त्या उलट्या डोक्यातून खणखणीत आवाज येई. सभागृहाच्या पलीकडल्या टोकाला कोणाची तरी टाच भिंतीपासून सुटलेली असे, आणि ती त्यांना उलटे पडल्या पडल्याही दिसलेली असे. शेजारी उभी असलेली त्यांची नात अभिजाता त्यांचे म्हणणे समजून घेई आणि त्या विद्यार्थ्याकडे धावे. टाच भिंतीला लागली, पाठ सरळ झाली, की बाकावरून समाधानाचा हुंकार येई आणि सभागृह पुन्हा शांत होई.

२० ऑगस्ट २०१४ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. आठ खांबांची ती वास्तू आजही उभी आहे. वर हनुमंत आहे आणि खाली विटांची चळत आहे. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही, असा कोणी आत येतो; तेव्हा कोणीतरी उठून त्या चळतीतली वरची वीट काढते आणि त्याच्या पावलाजवळ आणून ठेवते.